खुंटीवरची फाटकी पिशवी

शिव्या वाचणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. कंपनीत त्याला 'ग्राहक अभिप्राय विभाग' असं भारदस्त नाव असलं, तरी तो विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि एक पाय मोडलेला मॉनिटर. लोक जे काही लिहून पाठवतात ते मी सकाळी नऊपासून वाचते आणि तीन रकान्यांत टाकते: बाजूने, विरोधात, इतर. संध्याकाळी पाचला त्याचा एक कागद वरच्या मजल्यावर जातो. सोळा वर्षं हेच करून माझी कातडी बऱ्यापैकी जाड झाली होती. खुंटीच्या वेळी मात्र ती पुरली नाही.

खुंटी म्हणजे आमची नवी ऑपरेटिंग सिस्टिम. कॉम्प्युटर चालू केला की जी सगळ्यांच्या आधी जागी होते आणि मग बाकीच्यांना कामाला लावते, ती. नाव आमच्या संचालिकाबाईंनी ठेवलं. त्यांचं म्हणणं असं की, माणूस घरात शिरला की आधी हातातली पिशवी खुंटीला अडकवतो, आणि सकाळी निघताना ती तिथेच सापडते. काल जे जिथे ठेवलं ते आज तिथेच सापडावं, एवढ्याचसाठी आमची पोरं तीन वर्षं खपली होती. नाव तिथल्या तिथे ठरलं. आणि नावासोबतचं चिन्ह काढलं माझ्या धाकट्या बहिणीने.

तिला घरात सगळे बारकी म्हणतात. वय एकोणपन्नास, आणि आत येते ती दार भरून. बावीस वर्षं ती खोक्यांच्या कारखान्यात साचे कापायची. खोक्यावर 'ही बाजू वर' सांगणारा बाण असतो, आत काच आहे सांगणारा पेला असतो, भिजवू नका सांगणारी छत्री असते. ती चित्रं जाड पुठ्ठ्यात कापायची, पुठ्ठा खोक्यावर दाबून धरायचा आणि वरून रंगाचा ब्रश फिरवायचा. दमलेल्या माणसाला अंधुक गोदामात एका नजरेत कळेल असं चित्र काढणं सोपं नाही. बारकीचे बाण कुठल्या कुठल्या देशांत जाऊन आले असतील, पण ते कोणी कापले हे कुणी कधी विचारलं नाही. पुढे कारखान्यात खोक्यावर थेट छापणारं मशीन आलं आणि बारकीचं टेबल उचलून बाहेर ठेवलं गेलं.

तिचा एक जुना साचा मी माझ्या मॉनिटरच्या मोडक्या पायाखाली सारला होता. संचालिकाबाई एकदा माझ्या टेबलाशी आल्या, त्यांनी तो ओढून काढला, मॉनिटर माझ्या अंगावर कलंडला, आणि त्या एका हाताने तो सावरत विचारू लागल्या की हे कुणी कापलंय. असा बारकीचा आमच्या कंपनीत शिरकाव झाला. तीन महिन्यांची बोली होती. तिने काढलेलं चिन्ह टिकलं तर चित्रविभागात कायमची जागा, नाही तर नमस्कार. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणीतरी चित्रकार म्हणून टेबल दिलं होतं. पहिल्या दिवशी ती त्या टेबलावर बराच वेळ नुसते हात ठेवून बसली होती.

तिने चिन्ह काढलं ते चार रेघांचं. भिंतीतून तिरकी निघालेली खुंटी आणि तिला अडकवलेली गोल पिशवी. पिशवीच्या गोलाला खाली डाव्या बाजूला बोटभर फट होती. ती फट सगळ्यांनी पाहिली, पण कुणी काही बोललं नाही. मोठ्या कंपन्यांत असं होतं. न कळलेल्या गोष्टीत काहीतरी खोल अर्थ असणार असं धरून सगळे माना डोलावतात.

लोकांनी मात्र मान डोलावली नाही. नाव आणि चिन्ह जाहीर झालं आणि चाचणीची खुंटी लोकांना वापरायला खुली झाली, त्या दिवशी दुपारपर्यंतच माझ्याकडे नऊशे पत्रं आली. 'यांच्या पिशवीलाच भोक, आणि मी माझे फोटो यांच्याकडे ठेवू?' हे एकाने लिहिलं आणि संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. एका दाताच्या डॉक्टरला त्यात उपटलेली दाढ दिसली. एका शाळेतल्या बाईंनी कळवलं की वर्गात चित्र दाखवलं तर मुलांनी पळी, ओला मोजा आणि मुळा अशी तीन उत्तरं दिली. कंपनीने अक्कल खुंटीला टांगून नाव ठेवलंय, हा विनोद तीनशे बारा जणांनी केला, आणि त्यातल्या प्रत्येकाला तो आपल्यालाच सुचला असं वाटत होतं. एक गृहस्थ रोज सकाळी सव्वानऊला फक्त 'बावळट' एवढंच लिहून पाठवायचे. एका चांभाराने कागदाची पिशवी कापून, तिची फट मेणदोऱ्याने पक्की शिवून फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'पुढच्या वेळी आधी माझ्याकडे आणा.'

आणि चित्रं तर विचारू नका. ज्याचे त्याचे हात शिवशिवत होते. कुणाच्या फटीतून किल्ल्या पडत होत्या, कुणाच्या मासे. एकीने अख्खा मामा पडताना काढला होता, चष्मा आणि चपलांसकट. त्या मामाला पाहून मी टेबलाखाली तोंड घालून हसले आणि मग वर येऊन त्याला 'विरोधात' टाकलं.

संध्याकाळी बारकीने मला विचारलं, "बाजूने किती?" आम्ही दोघी एकाच घरात राहतो, त्यामुळे पळायला जागा नव्हती. मी म्हटलं, एकसष्ट. विरोधातले किती हे तिने विचारलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी चहा ओतता ओतता ती थांबली.

"ताई, ती फट मी ठरवून नाही ठेवली."

"म्हणजे?"

"हात गेला माझा. पुठ्ठ्यात पूर्ण गोल कापला तर मधला तुकडा खाली पडतो. म्हणून एक पट्टी न कापता सोडायची, तिच्यावर तो टिकतो. बावीस वर्षं सोडलीये. इथे पडद्यावर काय पडणार होतं मधलं? पण गोल आला आणि सवयीने हाताने पट्टी सोडली. बाईंना वाटलं मी काही विचार केलाय."

मी कप खाली ठेवला. खरं सांगते, मला तिचा राग आला. चुकलीस त्याचा नाही, तर मला सांगितलंस त्याचा. आतापर्यंत मी लोकांवर चिडत होते, ते किती सोपं होतं. बारकी म्हणाली की ती बाईंना पत्र लिहून चिन्ह मागे घेणार आहे. लोक हसतायत ते बरोबरच हसतायत, खोकीवालीने खोकीच करावीत. मी तिला म्हटलं, पत्र लिही, पण खिशात ठेव. पुढच्या शुक्रवारी बैठक आहे, तिथे काय ते होऊ दे. तिने लिहिलं, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये ठेवलं.

बैठक बोलावली होती आमच्या जाहिरातप्रमुखांनी. त्यांना सगळे चकाचक म्हणतात. त्यांचे बूट, टक्कल आणि बोलणं, तिन्ही तसंच. माणूस वाईट नाही, फक्त त्यांना खरखरीत काही सोसत नाही. त्यांनी बाहेरच्या नावाजलेल्या मंडळींकडून दुसरं नाव आणि दुसरं चिन्ह करून आणलं होतं. त्याचं भलंमोठं पोस्टर बैठकीच्या खोलीत लागलं, म्हणजे येता जाता सगळ्यांच्या नजरेत बसेल. ते फार देखणं होतं, यात वाद नाही. निळ्यातून जांभळ्यात जाणारं काहीतरी होतं, वळणावळणाचं.

एकदा जिन्यात भेटले तेव्हा चकाचक मला हसत म्हणाले की बहिणीचं चिन्ह मोजायला बहीणच बसलीय, जरा जपून. एवढंच बोलले, पण ते माझ्या डोक्यात गेलं. त्या दिवसापासून मी इतकी कडक झाले की 'छान आहे, पण पिशवी शिवा' असं लिहिणाऱ्या भल्या माणसालाही मी विरोधात टाकलं. बहिणीच्या बाजूने तराजू झुकवला असं कुणी म्हणू नये म्हणून मी तो उलट्या बाजूने झुकवला, आणि त्याला प्रामाणिकपणा म्हणत राहिले.

बैठकीच्या दोन दिवस आधी चकाचकांनी निरोप धाडला की लोकांनी काढलेली टिंगलीची चित्रं छापून द्या, मोठ्या तक्त्यावर चिकटवायची आहेत. जितकी वाईट तितकी बरी. मी दोनशे निवडली, छापली आणि जागा नव्हती म्हणून सामानाच्या खोलीत जमिनीवर मांडली. चपला काढून मधोमध उभी राहिले. आता यातून वाईटातली वाईट शोधायची, या विचाराने माझं तोंड कडू झालं होतं.

पाच मिनिटं मी नुसती बघत होते. मग खाली बसले.

कुणी पेनाने कागदी रुमालावर काढलं होतं, कुणी कोळशाने भिंतीवर, कुणी टेबलावर सांडलेल्या साखरेत बोटाने. समोर ठेवून कुणीच काढलं नव्हतं. हसता हसता, आठवेल तसं काढलं होतं. आणि दोनशेच्या दोनशे ठिकाणी खुंटी उजवीकडेच तिरकी होती, पिशवी गोल होती आणि फट खाली डावीकडे होती. मामा पडत होता, मासे पडत होते, पण पडत होते ते बरोब्बर त्याच जागेतून. एकदाच बघितलेली गोष्ट लोकांनी चुकीची काढलीच नव्हती.

आमच्या आधीच्या सिस्टिमचं चिन्ह आठ वर्षं माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर लटकतंय. मी ओळखपत्र उलटं केलं, पेन घेतलं आणि ते काढून पाहिलं. मला येईना. तीन पाकळ्या की चार, तेही सांगता येईना.

त्या दुपारी आणि दुसऱ्या दिवशी मी पहिल्यापासूनची सगळी पत्रं परत चाळली आणि चौथा रकाना उघडला. त्याला नाव दिलं, 'न बघता बरोबर काढलेलं'. चाळता चाळता आणखी एक गंमत सापडली. ते 'बावळट'वाले गृहस्थ बाराव्या दिवशी चक्क तीन ओळी लिहून मोकळे झाले होते: 'काल माझी खुंटी अडकली होती. आज आपोआप सुरू झाली. बावळट.' माझी खुंटी म्हणाले होते. मी तो कागद जपून वेगळा ठेवला.

शुक्रवारी मी बैठकीला दहा मिनिटं आधी गेले आणि भिंतीवरचं ते पोस्टर उलटं करून ठेवलं. आठवडाभर ते सगळ्यांसमोर होतं, दहा मिनिटांनी काही बिघडणार नव्हतं. मग मंडळी आली. बारकी कोपऱ्यातल्या खुर्चीवर पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती.

चकाचकांनी सुरेख भाषण केलं. तक्ता दाखवला, मामाला पाहून सगळे हसले, बारकीने मान खाली घातली. शेवटी त्यांनी माझाच आकडा सांगितला, शंभरातले एक्याण्णव विरोधात. संचालिकाबाईंनी माझ्याकडे पाहून विचारलं, आकडा बरोबर आहे का.

"आकडा बरोबर आहे," मी म्हटलं, "रकाना चुकलाय. मला पाच मिनिटं द्या आणि सगळ्यांनी एकेक कागद घ्या."

अकरा जण होते. मी सांगितलं की कागदाच्या एका बाजूला खुंटीचं चिन्ह काढा, दुसऱ्या बाजूला पोस्टरवरचं, आणि त्या पोस्टरवरचं नावही लिहा. सगळ्यांच्या माना एकदम भिंतीकडे वळल्या. भिंतीवर पांढरा कागद होता. हिशेब खात्याच्या साहेबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला माझी शाळा आठवली.

खुंटी सगळ्यांनी मिनिटभरात काढली. दुसऱ्या बाजूला पेनं हवेतच राहिली. एकाने लाट काढली, एकीने शेपूट काढून खोडलं. नाव फक्त दोघांनी लिहिलं आणि दोघांची नावं वेगळी निघाली. त्यातलं चकाचकांचं बरोबर होतं, ते त्यांना यायलाच हवं होतं. पण चिन्ह काढताना तेही अर्ध्यावर थांबले, वळण आधी आत जातं की बाहेर, यावर अडले. मी सगळे कागद गोळा केले आणि खुंटीची बाजू वर करून टेबलावर ओळीने मांडले. अकरा खुंट्या, अकरा पिशव्या, अकरा फटी. सगळ्या खाली डावीकडे. मग मी चौथ्या रकान्याचा आकडा सांगितला. लोकांनी पाठवलेल्या चार हजार आठशे चित्रांपैकी चुकलेली होती सत्तावीस, आणि त्यातली नऊ एकाच तीन वर्षांच्या मुलीची होती.

चकाचक उठले, टेबलाभोवती एक फेरी मारली, स्वतःचा कागद उचलून पाहिला. मग म्हणाले, ठीक आहे, चिन्ह राहू दे, पण ती फट तेवढी बुजवू या.

संचालिकाबाईंनी बारकीला विचारलं की ही फट का ठेवलीत. काहीतरी छानसं सांग, असं मी मनातल्या मनात ओरडत होते. पण बारकीला छानसं सांगता येत नाही. ती उभी राहिली आणि पुठ्ठ्याची, पट्टीची, बावीस वर्षांच्या सवयीची सगळी गोष्ट तिने जशीच्या तशी सांगून टाकली. "चूकच झाली, बाई," ती म्हणाली आणि पर्समधलं चार घड्यांचं पत्र काढू लागली.

"थांबा," बाई म्हणाल्या. "म्हणजे हे पुठ्ठ्यात कापता येईल?"

"हो. कात्री असली की झालं."

"आणि फट बुजवली तर?"

"मग मधला तुकडा पडेल."

"मग राहू दे तशीच." बाई सगळ्यांकडे वळल्या. खुंटी घातलेलं आपलं मशीन शाळांत जाणार आहे, दवाखान्यांत जाणार आहे, दुरुस्तीच्या दुकानांत जाणार आहे, त्या म्हणाल्या. ज्याच्याकडे पुठ्ठा आणि रंग आहे, त्याला आपली खूण दारावर उठवता आली पाहिजे. पोस्टरवरची खूण उठवायची तर त्याला आपल्याकडे यावं लागेल. एवढं बोलून त्यांनी बारकीच्या नेमणुकीचा कागद मागवला आणि तिथेच सही केली. बारकीला पेन कुठे ठेवायचं सुचेना, तिने ते केसांत खोचलं.

चकाचकांची एक गोष्ट मानली पाहिजे. बाजू उलटली की हा माणूस रुसून बसत नाही. सोमवारी त्यांनी गावभर फलक लावले. त्यावर फक्त फाटकी पिशवी, आणि खाली 'तुमचं काहीही पडलेलं नाही.' त्याखाली पुठ्ठ्यात कापायचा नमुना. पंधरा दिवसांत लोकांची चित्रं परत यायला लागली, पण आता ती दारांवर होती. एका दुरुस्तीवाल्याने दुकानाच्या शटरवर उठवलं होतं. शाळेतल्या बाईंनी कळवलं की मुलं आता पळी म्हणत नाहीत, खुंटी म्हणतात, आणि वर्गातल्या सगळ्या वह्या बरबटल्या आहेत. चांभाराने स्वतःच्या दारावर साचा उठवला होता आणि त्यातली फट पांढऱ्या रंगाने टाके घालून शिवली होती. मी त्याला अभिमानाने बाजूने टाकलं. माझे रकाने त्या महिन्यात उलटे झाले आणि मी रोज पाच वाजता तो कागद स्वतः चालत वर नेऊन द्यायला लागले. लिफ्ट असूनसुद्धा.

पहिली मशिनं निघायची होती तेव्हा बारकीने हट्ट धरला की पहिल्या तीनशे खोक्यांवर साचा आपण हाताने उठवणार. दोन दिवस ती माल चढवायच्या अंगणात बाह्या वर करून ब्रश फिरवत होती. ट्रक लागला तेव्हा मीही खाली गेले. बारकी खोक्यांच्या रांगेकडे बघत होती, आणि बघता बघता तिचा चेहरा उतरला.

"ताई, बाण राहिले."

तीनशे खोक्यांवर एकाही ठिकाणी 'ही बाजू वर' नव्हतं. जिने बावीस वर्षं दुसरं काही केलं नाही, ती आपल्या खुंटीच्या नादात बाणच विसरली होती. ती ब्रश शोधायला धावणार, तोवर हमालाने पहिलं खोकं उचललंसुद्धा. खांदे रुंद, मिशा पांढऱ्या, कामाचा माणूस होता. खोकं त्याच्या हातात उलटं आलं होतं. ट्रकच्या मागच्या फळीशी तो थांबला, चित्राकडे एकदा पाहिलं, खोकं फिरवून सुलटं केलं आणि आत सरकवलं. दुसरंही तसंच. तिसरं सुलटंच होतं, ते न बघता ठेवलं.

बारकी त्याच्याजवळ गेली. "दादा, बाण नाहीये त्याच्यावर. वरची बाजू कशी कळली तुम्हाला?"

तो तिच्याकडे जरा चमकूनच बघायला लागला. "बाण कशाला लागतो? पिशवी खालीच लोंबणार ना."

बारकीने माझा हात धरला. तिच्या हाताला ओला रंग होता, तो माझ्या मनगटावर उमटला. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती, आणि मलाही दुसरं काही करता येईना.

"परत सांगा," ती हमालाला म्हणाली.

त्याने चौथं खोकं खांद्यावर घेतलं आणि परत सांगितलं.